शेजारच्या सीटचा ब्रेक

औषधवाल्याने गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि लगेच तोंड उघडलं.

"मास्तर, एक विचारू का?"

मास्तरांचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर गेला. ते गाडी चालवायला शिकवत. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपाशी दुसरा ब्रेक असतो, तो मास्तरचा. शिकणारा बोलायला लागला की त्याचं रस्त्यावरचं लक्ष उडतं, म्हणून कुणी तोंड उघडलं की त्यांचा पाय आपोआप तिकडे जाई. ही सवय एवढी मुरली होती की बसमध्ये शेजारचा प्रवासी गप्पा मारू लागला तरी ते पायाखालची फळी दाबत.

"आधी वळण घ्या. मग विचारा."

औषधवाला पन्नाशीचा होता. दुकानात एका वेळी चार गिऱ्हाइकं हाताळणारा हा माणूस स्टिअरिंग मात्र बुडताना ओंडका धरावा तसं धरून बसे. त्याने वळण घेतलं.

"तुमची लेक पुलावर कुणाची वाट बघते का हो?"

"कुठल्या पुलावर?"

"आपल्या नदीच्या. दुपारी दुकान बंद करून जेवायला जातो ना मी, तेव्हा दिसते. पाठीला दप्तर, कठड्याला टेकून खाली बघत असते. काल हाक मारली, तर मान वळवली नाही पोरीने. रोज दिसते म्हणून म्हटलं. तसं काही नसेल म्हणा."

गाडी गचका खाऊन थांबली.

"माझं काही चुकलं का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "तुमचं बरोबर होतं."

दुपारी क्लास असतो, असं लेक घरी सांगत होती.

त्यांनी दुपारची शिकवणी रद्द केली आणि चालत पुलाकडे गेले. ती होती. पुलाच्या मधोमध, कठड्यावर कोपरं टेकून. वारा होता, केस तोंडावर येत होते आणि ती ते बाजूला करत नव्हती. मास्तर पुलाच्या तोंडाशी वर्तमानपत्रांच्या टपरीआड उभे राहिले. हाक मारावी, तर ती दचकेल. दचकली, तर? पळत जावं, तर पावलं ऐकून ती काय करेल? गाडीत धोका दिसला की काय करायचं हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं. इथे त्यांना काहीच सुचेना.

"पेपर घेणार का नुसताच उभा राहणार?" टपरीवाल्याने विचारलं.

त्यांनी पेपर घेतला. घडी न उलगडता तसाच हातात धरून ठेवला. बऱ्याच वेळाने ती कठड्यापासून मागे सरली, दप्तर सारखं केलं आणि घराच्या दिशेने चालू लागली. मास्तर तिच्या मागोमाग, पण पुष्कळ अंतर ठेवून, घरापर्यंत आले.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, "आज क्लासला काय शिकवलं?"

"नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे काय?"

"बाबा, ही तपासणी आहे का?"

"तपासणी कसली? साधं विचारतोय. कोण कोण आलं होतं?"

लेकीने ताट अर्धं सोडलं आणि खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. ते हलकेच लागलं आणि कडीचा बारीकसा आवाज झाला.

स्वयंपाकघरात मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भांडी विसळत होती. तिचा हात नळाच्या धारेखाली तसाच राहिला.

"मी आत्ता जाऊन विचारते."

"थांब. विचारलं की काय होतं ते बघितलंस ना?"

"अहो, ते काय विचारणं होतं? फौजदारसुद्धा आधी बसा म्हणतो." तिने नळ बंद केला. ती दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसायची. तिथे टेबलावर मासिकं पडलेली असत. "मुलांशी कसं बोलावं यावर लेख आला होता एकात. समोर बसवून विचारलं की त्यांना चौकशी वाटते. शेजारी बसावं. हात कशात तरी गुंतलेले असावेत, नजर भलतीकडे असावी. आणि ती बोलायला लागली की आपण मध्ये बोलू नये."

"आणि मग?"

"मग पुढचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं. मागच्या बाजूला सवलतीचं कूपन असणार."

मास्तर म्हणाले, "शेजारी बसणं हा तर माझा धंदाच आहे."

"हो. पण तुमच्या शेजारी बसून कुणी कधी बोललंय का?"

ती रात्रभर लेकीच्या दाराबाहेर सतरंजी टाकून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. लेकीकडे शिकाऊ परवाना होता, पण मास्तर तिला गाडीला हात लावू देत नव्हते. त्यांनी किल्ली तिच्यासमोर धरली तेव्हा ती आधी किल्लीकडे, मग त्यांच्याकडे बघत राहिली.

"आधी परीक्षा, मग गाडी म्हणत होतास."

"आज मूड आहे."

"तुला मूड असतो, बाबा?"

ती गाडीत बसली, सीट पुढे घेतली, आरसे लावले. तिला घरात मुंगी म्हणत, कारण लहानपणी साखरेचा डबा कुठेही ठेवला तरी ती शोधून काढायची. आता ते नाव बाहेर कुणी घेतलं तर ती चिडे. तिने गाडी गल्लीतून बाहेर काढली. बरी चालवत होती. मास्तरांनी ठरवल्याप्रमाणे तोंड मिटून ठेवलं आणि बाहेर बघत राहिले. बंद दुकानं, शाळेचं फाटक, पेट्रोलपंप. पंप मागे पडल्यावर ती म्हणाली, "बाबा."

पाय ब्रेकवर गेला. त्यांनी तो तसाच अधांतरी धरला.

"हं."

"मी सांगणार होते तुला. मी रोज पुलावर—"

पाय खाली गेला. पूर्ण. गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली आणि बंद पडली. दोघंही पट्ट्यात पुढे फेकली गेली. मागून टेम्पोचा हॉर्न कर्कश वाजला आणि ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"ओ मास्तर! शिकवताय की बसथांबा बांधताय इथे?"

टेम्पो बाजूने निघून गेला. मुंगी समोरच्या रस्त्याकडे बघत होती.

"आडवं काही आलं होतं?"

"नाही. चुकून दाबला गेला."

"चुकून नाही. मी बोलले म्हणून दाबलास."

"बोलताना लक्ष रस्त्यावर पाहिजे." वाक्य तोंडातून निघालं तेव्हाच मास्तरांना जीभ चावावीशी वाटली. रोज दहाजणांना ते हेच सांगत.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "नाही बोलत."

तिने गाडी सुरू केली. तिचा चेहरा काल रात्रीच्या दारासारखा झाला होता, हलकेच लागलेला. ती स्वतःहून सांगत होती आणि मास्तरांनी तिला अडवलं होतं. पुन्हा सांगेल का? आणि नाही सांगितलं, तर उद्या दुपारी ती कुठे असेल?

"मैदानात घे," ते म्हणाले.

सरावाचं मैदान रिकामं होतं. चारी बाजूंनी भिंत, मधे त्यांचे प्लास्टिकचे नारिंगी शंकू. मास्तरांनी बूट काढले, मागच्या सीटवर टाकले आणि पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली. गुडघा दाराला टेकला, पट्टा पोटावर आवळला.

"हे काय करतोयस?"

"पाय वर घेतोय."

"आणि तुझा ब्रेक?"

"तुझ्याकडे आहे एक. तो पुरे. पहिल्या गिअरमध्येच ठेव. शंकूंमधून आठचा आकडा काढ."

गाडी सुटली. मास्तरांनी दोन्ही हातांनी स्वतःची पावलं धरून ठेवली होती. असं बिनब्रेकचं ते कुणाच्याही शेजारी कधी बसले नव्हते. शंकू जवळ यायचे, अगदी बंपरपाशी दिसेनासे व्हायचे आणि मागे पडायचे. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला. पहिला आकडा पूर्ण झाला. दुसरा सुरू झाला. आता त्यांनाच बोलावं लागणार होतं.

"काल मी पुलावर आलो होतो," ते म्हणाले. "तुला बघितलं. हाक मारायची हिंमत झाली नाही माझी."

तिने मान वळवली नाही.

"मुंगे, तुला जीव द्यावासा वाटतो का?"

इंडिकेटर द्या म्हणावं तितकं सरळ ते वाक्य बाहेर आलं. गाडीने एक शंकू आडवा केला, तो चाकाखाली चरचरला.

"मला?" ती म्हणाली. "मला नाही, बाबा. लंबूला."

लंबू म्हणजे तिची वर्गातली मैत्रीण, इतकी उंच की घरी आली की आधी पंख्याकडे बघायची. गेले काही महिने ती आली नव्हती. मास्तरांनी त्याबद्दल विचारलंही नव्हतं.

"ती पुलाखालच्या पायऱ्यांवर येऊन बसते. रोज. मला म्हणाली, एक दिवस पुढे चालत जाईन, पाण्यात. कुणाला सांगितलंस तर त्याच दिवशी जाईन. शपथ घातली मला. मग माझ्याशी बोलणंच बंद केलं तिने. शेजारी बसू देत नाही. म्हणून मी वरून बघते. ती उठून घरी गेली की मी निघते." तिला धाप लागली होती. "तू खाली बघितलं नाहीस?"

"नाही. मी तुलाच बघत होतो."

आधी सांगायचं नाहीस का? तू एकटी काय करणार होतीस? तिच्या आईला माहीत आहे का? सगळे प्रश्न एकदम घशाशी आले. मास्तरांनी पावलं आणखी घट्ट धरली.

"मला पोहतासुद्धा येत नाही नीट," मुंगी म्हणाली आणि रडायला लागली. "ती उतरली तर मी वरून काय करणार? मी ओरडेन. आणखी काय? रोज तिथे उभी राहून मी हेच ठरवते, की कसं ओरडायचं."

शंकू मागे राहिले होते. गाडी सरळ भिंतीकडे चालली होती, हळू, पण सरळ. तिचे डोळे भरलेले होते. तिला भिंत दिसते आहे की नाही, हे मास्तरांना कळेना. विटा मोजता येतील इतकी भिंत जवळ आली. त्यांच्या पायाची बोटं वळली. ते बोलले नाहीत, आणि पाय खाली सोडला नाही.

तिने ब्रेक दाबला. भिंतीच्या पुष्कळ अलीकडे, हळुवार, शिकवल्यासारखा. मग हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"आता मी सांगितलं," ती म्हणाली. "आता तिने काही केलं तर माझ्यामुळे."

मास्तरांना म्हणायचं होतं, काही होणार नाही. पण ते त्यांना माहीत नव्हतं.

"काय होईल मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "मलाही भीती वाटतेय. पण हे एकटीने वरून राखण करून निभणारं नाही. तिच्या आईला कळलं पाहिजे. आज."

"तुझ्यावरही चिडेल ती."

"चिडू दे. चिडायला ती असली म्हणजे झालं. लंबूला फोन लाव."

मुंगीने फोन लावला. घंटा वाजत राहिली. कुणी उचलला नाही. तिने पुन्हा लावला. मास्तरांनी तोवर आपल्या फोनवरून बायकोला थोडक्यात सांगितलं आणि म्हणाले, "तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार, अशा वेळी कुणाकडे न्यायचं."

"अहो, त्या दातांच्या आहेत."

"असू देत. डॉक्टर डॉक्टरांना ओळखतात. लगेच विचार."

"आणि मुंगी?"

"माझ्या शेजारी आहे." बायकोच्या रडण्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

"उचलत नाहीये," मुंगी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "बाबा, तू चालव."

त्यांनी जागा बदलल्या. मास्तर आधी नदीकडून गेले. पायऱ्या रिकाम्या होत्या, आणि त्यावरून काही समजण्यासारखं नव्हतं. शेजारच्या सीटवर मुंगीचे पाय त्या दुसऱ्या ब्रेकपाशी आखडलेले होते. सिग्नलला गाडी थांबली की ती पुटपुटे, "चल, चल, चल."

लंबूचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. मुंगी पुढे पळाली. मास्तर धापा टाकत पोचले तेव्हा ती दोनदा बेल वाजवून झाली होती. आत काही हललं नाही. तिने तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि बोट काढलंच नाही.

दार उघडलं. लंबू उभी होती, केस विस्कटलेले, उशीची घडी गालावर उमटलेली. तिने मुंगीकडे बघितलं, मग मास्तरांकडे, मग पुन्हा मुंगीकडे.

"तू सांगितलंस."

"हो," मुंगी म्हणाली.

लंबूचा हात दाराच्या कडेवर होता. तो दार लोटेल की सोडेल, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. मास्तरांना काहीतरी बोलावंसं वाटलं, समजुतीचं, मोठ्या माणसाचं. ते गप्प राहिले. पायाला गार लागलं म्हणून त्यांनी खाली पाहिलं. बूट गाडीतच राहिले होते. गावभर गाडी त्यांनी अनवाणी चालवली होती.

"कोण आलंय गं?" आतून तिच्या आईचा आवाज आला.

लंबूने दारावरचा हात काढला.

"काकू, मी आहे," मुंगी आत बघत म्हणाली. आवाज फुटत होता, तरी ती थांबली नाही. "तुमच्याशी बोलायचंय. लंबूच्या समोरच."