चरातली काठी

गोव्यात चोपड्याच्या नदीत ओहोटीला वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढताना भरती लागली आणि विमलाची जाऊ कुमुद बुडाली. तिला आग्रह करून विमलानेच नेलं होतं. पुढची दोन वर्षं 'मी तिला का नेलं' एवढंच विमलाच्या डोक्यात फिरत राहिलं. लोक म्हणायचे, विसर. जणू ते तिच्या हातात होतं.

गोवा राज्य झालं त्या वर्षी कुमुदच्या लेकीने विचारलं, "काकी, पाणी खंयसून इलां?"

कुठून आलं? पाठीमागून. हा विचार विमलाने कधी केलाच नव्हता. बायका वाकून समोरची वाळू उकरतात आणि भरती आधी मागच्या खोल चरात चढते आणि काठाकडची वाट तोडते.

दुसऱ्या दिवशी तिने त्या चरात खूण केलेली काठी रोवली. पाणी खुणेला लागलं की ती सगळ्यांना बाहेर काढते.

'मी तिला का नेलं' अजूनही येतंच. पण आता ती आधी काठी रोवते, मग रडते.