माझ्यावर कुणी बसलंच नाही

मित्रांनो, मी एक खुर्ची आहे. जुनी म्हणाल, तर वय जेमतेम वर्षभर. पण फसवणूक मात्र जन्मभर पुरेल एवढी झालीये!

वेल्स नावाच्या चिमुकल्या देशात दरवर्षी कवितेचा मोठा उत्सव भरतो आणि विजेत्या कवीला बक्षीस म्हणून चक्क नवी कोरी खुर्ची मिळते. कविता टोपणनावाने पाठवायची. मंचावरून ते नाव पुकारलं, की कवी गर्दीतून उठून उभा राहतो. तोवर कुणालाच पत्ता नसतो! गेल्या मार्चमध्ये मस्कतमधल्या वेल्श मंडळींनी असाच छोटा उत्सव भरवला. कविता शाळेतल्या मुलांनीही पाठवावी, असं ठरलं.

मला घडवलं मस्कतच्याच हमरिया भागातल्या कृष्णकांत मेस्त्रींनी. माझ्या पाठीवर त्यांनी वेल्सच्या झेंड्यावरचा ड्रॅगन कोरला, अस्सा ऐटबाज! त्यांची मुलगी देविका नववीत. मेस्त्री चहाला गेले, की ती माझ्या अर्धवट बैठकीशेजारी उभी राहून आपली इंग्रजी कविता वाचायची. बाबांच्या रंध्याची कविता, टोपणनावही ‘रंधा’च. माझा हात थोपटून म्हणायची, “बघच तू, तुझ्यावर मीच बसणार!” मी वेडी, विश्वास ठेवला.

उत्सवाच्या दिवशी मला मंचावर ठेवून मेस्त्री दाराशी उभे राहिले. शर्टावर भुसा तसाच. देविका मैत्रिणीशेजारी, मेहनाजशेजारी बसली होती. आपल्या बाबांची इंटिरियरची मोठी कंपनी आहे, असं तिने मेहनाजला सांगून ठेवलं होतं.

“रंधा!” नाव पुकारलं गेलं. ऊठ ना गं, ऊठ!

“ये रंधा क्या होता है, यार?” मेहनाजने विचारलं.

“पता नहीं,” देविका म्हणाली.

दुसऱ्यांदा पुकारलं. रंधा म्हणजे आपलीच पोर, हे ओळखून मेस्त्री हसतच तिच्याजवळ आले, वाकून कुजबुजले, “गो, तां तुझाच मा?”

ती बुटांकडे बघत राहिली.

“कौन हैं?” मेहनाज.

“फर्निचरवाले अंकल.”

मेस्त्री क्षणभर तसेच वाकलेले राहिले. मग म्हणाले, “सॉरी बेटी, गलती हो गई,” आणि दाराकडे परत गेले.

तिसऱ्यांदा पुकारलं. कुणीच उठलं नाही.

वेल्समध्ये म्हणे वर्षामागून वर्षं अशा खुर्च्या कवींच्या घरी जातात. माझं वर्ष मात्र रिकामं गेलं. आता हॉलच्या अडगळीत माझ्यावर स्पीकरचे खोके आहेत.

मित्रांनो, मला पुसा, नका पुसू. मी लाकूड आहे, सोसेन. पण तुमचं नाव पुकारलं, की उठा हो! दाराशी कुणीतरी तुमच्याकडेच बघत उभं असतं.