माझा स्वस्तातला डोळा

मित्रांनो, मी जुना आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको. मी रिळाचा कॅमेरा आहे. मला बॅटरी लागत नाही, चार्जर लागत नाही. रीळ भरा, खटका ओढा, खिडकीला डोळा लावा आणि बटण दाबा. पन्नास वर्षांपूर्वी मी असाच चालत होतो, आजही असाच चालतो.

माझा जन्म पूर्व जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. पांढरा डगला घातलेल्या एका बाईने माझे कापडी पडदे बसवले, बटण दाबदाबून पाहिले, मान डोलावली आणि पुढचा कॅमेरा हातात घेतला. एवढीच आमची ओळख. मग मी जहाजातून अलेक्झांड्रियाला आलो आणि तिथलाच होऊन गेलो.

ट्रामच्या कार्यालयात नकाशे काढणाऱ्या फौझी नावाच्या तरुणाने मला घेतले. शुक्रवार आला की आम्ही समुद्राकाठी निघायचो. मासे सोलणाऱ्या बायका, बोटींवर निजलेली मांजरे, दाढी करून घेणारे खलाशी, सारे मी टिपले. शेजारी म्हणत, "फौझीच्या कॅमेऱ्यात माणूस आहे त्याहून बरा दिसतो." त्यात माझी करामत काही नव्हती. बटण दाबण्याआधी फौझी समोरच्याला हसवायचा, एवढेच. पुढे त्याचे लग्न झाले ते भूगोल शिकवणाऱ्या इनायतशी. तिचा भाऊ शिहाता अन्फूशीच्या किनाऱ्यावर लाकडी बोटी बांधायचा. लग्नात भावाबहिणीने एकमेकांना बसबूसा, म्हणजे पाकातला रव्याचा केक, भरवला, तेव्हा साखरेचा पाक शिहाताच्या मिशांना लागला. तोही फोटो माझाच.

मग दोघांना मस्कतला नोकरी लागली. "सुट्टीला आलो की काढू हं याला," असे म्हणून फौझीने मला चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवले. ते सुट्टीला येत, पण चार दिवस पाहुण्यारावळ्यांत जात. माझ्याकडे कुणी फिरकत नसे. समुद्राकाठची ओली हवा चामड्यात मुरली आणि माझ्या लेन्समध्ये बुरशी धरली. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दर साली थोडे थोडे पसरत गेले. मला बाहेरचे काही दिसत नव्हते, म्हणून तेव्हा मला कळलेही नाही की त्याच काळात या घरातली दोन माणसे एकमेकांपासून तुटली होती.

झाले असे की, इनायत मस्कतला असताना तिची आई इथे वारली. इनायत अंत्ययात्रेला आली नाही. शिहाताने फोनवर एवढेच विचारले, "कामावरून सुट्टी मिळाली नाही ना तुला?" आणि फोन ठेवून दिला. त्यानंतर तेरा वर्षे दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. हे मला नंतर, करीमानच्या तोंडून समजले. करीमान म्हणजे इनायतची शाळेपासूनची मैत्रीण, जिच्या पोटात काहीच राहत नाही.

फौझी मस्कतलाच वारला. एकसष्टाव्या वर्षी इनायत एकटी परत आली आणि आवराआवर करताना तिने ते कपाट उघडले. तिने मला पिशवीतून काढले, बराच वेळ मांडीवर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच घड्याळे व कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या नऊमकडे नेले. नऊमने माझी पाठ उघडली, बटण दाबले, कान लावून ऐकले.

"अब्ला," तो म्हणाला. तिथे शिक्षिकेला सगळे असेच हाक मारतात. "धड ठणठणीत आहे. डोळा मात्र गेला. बुरशीनं काच खाल्लीय, आता पुसून जायची नाही."

"म्हणजे टाकूनच द्यायचा?"

"टाकताय कशाला? डोळा बदला! हा आट्यांचा कॅमेरा आहे, लेन्स स्क्रूसारखी फिरवून बसते. या आट्यांच्या लेन्स तेव्हा किती देशांनी बनवल्या असतील, गणती नाही. अत्तारीनच्या जुन्या बाजारात एखादी पडलेली असेलच. फक्त नाव बघून महागडी घेऊ नका. कड्या फिरवून बघा, आतली पाती चटकन मिटतात का बघा, आकाशाकडे धरून जाळं दिसतं का बघा. एवढं नीट असेल तर डोळे मिटून घ्या."

"डोळे मिटून डोळा घेऊ?" इनायत म्हणाली. परत आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली असावी.

अत्तारीनला करीमान सोबत होती, आणि मला दिसत नव्हते ते सारे पुढे तिनेच सांगितले. "आपल्या वयाच्या बायका गुडघे बदलतात गं," ती म्हणत होती, "आणि ही बघा, भिंग बदलायला निघालीय!"

बिशारा नावाच्या म्हाताऱ्या दुकानदाराने काचेच्या पेटीतून एक चकचकीत लेन्स काढली. "ही घ्या. सगळे हिच्याच मागे असतात."

"मग त्यांनाच द्या," इनायत म्हणाली. तिची नजर टेबलाखालच्या खोक्यावर गेली होती. त्यात दारांच्या मुठी, जुन्या फोनच्या चकत्या आणि गंजलेल्या चाव्या होत्या. तळाशी एक लेन्स होती. रंग उडालेला, कडेला पोचा, पुढच्या काचेवर नखाएवढा ओरखडा. इनायतने कडी फिरवली. मधात बोट फिरावे तशी ती फिरली. पाती चटकन मिटली, चटकन उघडली. तिने ती आकाशाकडे धरली. आत स्वच्छ होते.

"तिला ओरखडा आहे हं, बाईसाहेब," बिशारा म्हणाला. "मागून म्हणाल बिशारानं फसवलं."

"ओरखडा फोटोत दिसत नाही. बुरशी दिसते."

बिशारा तिच्याकडे बघतच राहिला. "हे कुणी शिकवलं तुम्हाला? असली गिऱ्हाइकं वाढली तर माझं दुकान बसेल." मग त्याने जो भाव सांगितला, त्यात दोघींचे माशांचे जेवण झाले असते. इनायतने घासाघीस केली नाही. "बाहेर कुणाला आकडा सांगू नका," तो कुजबुजला, "नाहीतर त्या पेटीतल्या लेन्सवर धूळ बसेल."

तिथेच, दुकानाच्या पायरीवर बसून, तिने ती लेन्स माझ्यावर फिरवली. आटे आट्यांत बसत गेले आणि शेवटी घट्ट झाले. मित्रांनो, चोवीस वर्षांनी मला रस्ता दिसला! समोर भाजलेल्या कणसांची गाडी होती आणि करीमान दात काढत उभी होती. तिच्यासारखी सुंदर बाई मी कधी पाहिली नव्हती.

पहिले रीळ मात्र कोरे निघाले. फिल्मचे टोक चक्राच्या खाचेत अडकलेच नव्हते आणि बाई आठवडाभर नुसती बटणे दाबत हिंडल्या होत्या. करीमान हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. पण इनायत शिकली. खटका ओढताना वरची गुंडाळायची मूठ फिरते की नाही, हे ती दर वेळी बघू लागली. सावलीत बसून, बोटाने चाचपून रीळ भरू लागली. मग मात्र आमची गाडी सुसाट निघाली. ती घाई करत नसे. फोटो थोडेच असतात, तेव्हा माणूस आधी नीट बघतो आणि मग दाबतो. चहाच्या पेल्यावरचे ऊन, ट्रामच्या काचेवर टेकलेले कपाळ, बाजारातली अंजिरे, असले काहीबाही आम्ही टिपत राहिलो. स्वस्तातला म्हणून माझा नवा डोळा कुठेही कमी पडला नाही. उलट उन्हाकडे तोंड केले की तो कडांना एक मऊ धुकट उजेड पसरवायचा. तो इनायतला फार आवडायचा.

एके दिवशी करीमान धापा टाकत जिना चढून आली. "शुक्रवारी तुझा भाऊ मोठी बोट पाण्यात सोडतोय. ही शेवटची म्हणतो. गुडघे गेलेत."

 गुरुवारी इनायतने माझ्यात नवे रीळ भरले आणि टोक खाचेत बसले की नाही, हे दोनदा चाचपून पाहिले.

शुक्रवारच्या नमाजानंतर अन्फूशीचा किनारा माणसांनी भरून गेला. निळी-पांढरी बोट ओंडक्यांवर उभी होती. ओंडक्यांना चरबी फासली होती आणि दोरांना चाळीस जण लागले होते. पांढऱ्या मिशांचा शिहाता ओरडून ओरडून हुकूम सोडत होता. त्याची नजर इनायतवर पडली आणि पळभर तिथेच थांबली.

"ओ फोटोवाल्या बाई, मागे सरा," तो म्हणाला. "दोर तुटला तर पाय जाईल. आणि बोटीचे काढा, माझे नकोत."

"सरते, उस्ता," इनायत म्हणाली. कारागिरांना सगळे उस्ता म्हणतात. भावाला मात्र ती कधीच तसे म्हणाली नव्हती.

आम्ही कामाला लागलो. ताणलेले दोर, घामेजलेले खांदे, ढोल, शरबताचे पेले. बोट हलली, घसरली आणि निम्म्या वाटेत अडकली. मग हळूहळू एका बाजूला कलू लागली. दोर सोडून माणसे मागे पळाली. एक पाचर अडली होती. शिहाताने मोठा हातोडा उचलला आणि सगळे "उस्ता, नको!" म्हणत असताना तो कललेल्या बोटीखाली वाकून शिरला.

मित्रांनो, कुठल्याही कॅमेऱ्याला आयुष्यात एकदाच मिळावा असा तो क्षण होता. माझा खटका ओढलेला होता, मी तयार होतो. पण इनायतने मला डोळ्यापासून खाली घेतले. मी तिच्या गळ्यात नुसता लोंबकळत राहिलो.

"शिहाता!" ती किंचाळली. "शिहाता, बाहेर ये!"

आतून हातोड्याचे तीन घाव ऐकू आले. पाचर उडाली. शिहाता बाजूला लोळला आणि बोट त्याच्यापासून हातभर अंतरावरून धडधडत पाण्यात गेली. किनारा आरोळ्यांनी दुमदुमला. तो फोटो आम्ही काढला नाही. आणि मला त्याची खंत नाही.

अंगावरची वाळू झटकत शिहाता तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"काय ओरडलीस! सगळ्या बंदराला ऐकू गेलं."

"तू बहिरा झालायस म्हणून."

"बहिरा नाही झालो." तो पाण्याकडे वळला. "आलीस कशाला?"

"तू सांगितलंस ना, बोटीचे फोटो काढायला."

त्याच्या मिशा हलल्या. "बरं. आता माझा एक काढ. बोटीसकट."

इनायतने माझ्या आकड्याकडे पाहिले.  आकडा छत्तीसवर होता. कललेल्या बोटीसमोर खटका ओढून ठेवलेला तो छत्तिसावा फोटो तिने बोट पाण्यात तरंगताच घाईत काढून टाकला होता. रीळ संपले होते. तिचा चेहरा उतरला. पण सावकाश, काटकसरीने भरलेल्या रिळात माझ्यासारखा कॅमेरा कधी कधी एखादी जागा जास्तीची राखतो. तिने भीत भीत खटका ओढला. तो अडला नाही. सदतिसावा फोटो!

"हस की जरा," ती म्हणाली. "फौझी असता तर हसवलं असतं तुला."

शिहाता हसला नाही. पण त्याने मान किंचित कलती केली, आणि मी आपणहूनच फोटो काढला असे वाटावे, इतक्या हलक्या हाताने तिने बटण दाबले.

आठवड्याने ती छापील फोटो घेऊन त्याच्या घरी गेली. मी तिच्या खांद्यावर होतो. शिहाताने चष्मा चढवला. फोटोच्या एका कडेने तो धुकट उजेड पसरला होता, मागे बोट होती आणि मध्ये त्याचा चेहरा.

"यात मी आईसारखा दिसतो," तो म्हणाला.

"दिसतोस."

त्याने फोटो हळूच गुडघ्यावर ठेवला. मग इनायतच म्हणाली, "आई गेली त्या दिवशी फौझी ऑपरेशनच्या टेबलावर होता, शिहाता."

"मग फोनवर सांगायचंस."

"तू फोन ठेवलास."

त्याने चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. "माझी चूक झाली," तो म्हणाला. आणि आतल्या खोलीतल्या बायकोला मोठ्याने ओरडून म्हणाला, "अगं, ताट वाढ! माझी बहीण जेवायला थांबतेय."

मित्रांनो, आता माझे थोडे ऐका. तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला चामड्याच्या पिशवीत कोंडू नका. कोरड्या, उजेडाच्या जागी ठेवा. महिन्यातून एकदा बाहेर काढा, त्याच्या कड्या फिरवा, पडदे चालवा. त्याचा डोळा गेला असेल तर भंगारात देण्याआधी जुन्या बाजारात एक चक्कर मारा. पोचे आणि ओरखडे बघून नाक मुरडू नका, आतली काच बघा. आणि रीळ आणाल तेव्हा ते चांगल्या दिवसाची वाट बघत खणात ठेवू नका. आजच भरा. घरात कुणाशी बोलणे थांबले असेल, तर पहिला फोटो त्याच्याकडे जाऊन काढा. मी तयारच असतो. तुम्ही फक्त मला घेऊन निघा.