पौषातला पूर

होळकरांचं संस्थान मध्यभारत राज्यात विलीन झालं, लष्कर मोडलं आणि जयसिंगराव घरी बसले. त्याच साली त्यांची आठ वर्षांची सुली विषमज्वरातून जेमतेम वाचली. बोललेला नवस फेडायला त्यांनी काठी उचलली. नर्मदेची परिक्रमा, पायी, एकट्यानं! नेम मोठा कडक: परिक्रमा पुरी होईस्तोवर माईचं पात्र ओलांडायचं नाही.

एकटे निघाले खरे, पण एकटं राहू देतंय कोण? गावोगावच्या बाया शिधा देत, पायातले काटे काढत आणि विचारत, "किसके लिए चल रहे हो, बाबा?" सुलीचं नाव निघालं की कुणी काचेच्या बांगड्या देई, कुणी चिंध्यांची बाहुली. दोन वर्षांत झोळी लेकीच्याच वस्तूंनी फुगली.

आठ दिवसांची वाट उरली होती. हंडियाच्या घाटावर मेहुणे बाबूराव नावेतून उतरले. "दाजी, सुलीला परत ताप भरलाय. सारखी बाबा बाबा करते. पलीकडे मोटर उभी आहे, चला."

जयसिंगराव नावेपासून मागं सरले. "ज्या नवसानं पोर वाचली तोच मोडू? माई तिला नेईल, बाबूराव!"

"भैया, माई भी तो माँ है," नावाडी म्हणाला. "बैठ जाओ."

नाही बसले. अहो, जन्मभर हुकूम पाळलेला शिपाईगडी तो! आठ दिवसांची वाट पाच दिवसांत तुडवली, ओंकारेश्वराला जल वाहून परिक्रमा पुरी केली आणि पहिल्या गाडीनं इंदूर गाठलं.

छत्रीबागेतल्या घराच्या उंबऱ्यावर त्यांच्या पत्नी रमाबाई बसल्या होत्या.

"परवा गेली," त्या म्हणाल्या.

जयसिंगराव मटकन खाली बसले. झोळी त्यांनी पोटाशी घट्ट धरली.

"आमच्या बाबूदादानं तिला सांगितलं, माईला पूर आलाय, नावा बंद आहेत. डोळे उघडले की विचारायची, पूर उतरला का? तुमच्यावर नाही हो रुसली. नदीवर रुसली."

जयसिंगरावांना रडू फुटलं. "नाव होती," ते कसेबसे म्हणाले. "पाणी तर..."

"पौषात पूर येत नाही, एवढं मला कळतं." रमाबाईंनी त्यांच्या हातातून झोळी सोडवून घेतली. "पण माझी पोर पूर मानून गेली. आता कुणीही विचारलं, तर तुम्ही पूरच सांगायचा."