माझ्या पोटातली चार कुत्री

मी उड्या-कसरतींच्या बीएमएक्स सायकलच्या मागच्या चाकाचा हब बोलतोय. चाकाच्या सगळ्या तारा माझ्यापाशी येऊन टेकतात, पण फोटो निघतो तो हँडलचा. असो.

माझ्या पोटात चार कुत्री आहेत. घाबरू नका, पेडल मारल्यावर आतले दात धरून ठेवणाऱ्या चिमुकल्या लोखंडी तुकड्यांना सायकलवाले कुत्रीच म्हणतात. पाय थांबला की ती कटकट करत भुंकतात. त्यावरून मालकिणीच्या आईला घरबसल्या कळायचं की कन्यारत्न अभ्यास टाकून सटकलं.

मालकीण कॉलेजातली. तिने मला लाडात वापरलं, म्हणजे आदळलं, आपटलं आणि ग्रीसचं बोटही दाखवलं नाही. कुत्री झिजली. एकदा ऐन उडीच्या वेळी त्यांची पकड सुटली, पेडल रिकामं फिरलं आणि पोरीची हनुवटी फुटली. टाके पडले.

"आता पडलीस तर सायकल भंगारात," आई म्हणाली. मला आतल्या आत गंज चढला.

टाके निघाल्यावर मायलेकी दुकानात आल्या. मेकॅनिककाकांनी मला उघडलं. "ग्रीसचं डांबर झालंय. आतलं सामान बदला, नाहीतर हबच बदला."

पोरीचा डोळा काचेच्या कपाटातल्या फ्रीकोस्टरवर होता. मुका हब. सायकल मागे नेली तरी पेडल जागचं हलत नाही. "किती शांत आहे बघ," ती आईला म्हणाली. आवाज नाही म्हणजे आईला पत्ता नाही, हे तिने सांगितलं नाही. आईलाही ते सांगावं लागलं नाही.

"एक चक्कर मारून तर बघ," आई गोड आवाजात म्हणाली.

तसाच हब लावलेली दुकानातली सायकल घेऊन पोरगी निघाली. फ्रीकोस्टर थोडं पेडल फिरल्यावर पकडतो. तेवढ्या रिकाम्या फेऱ्यात तिला ती फसलेली उडी आठवली आणि हात हनुवटीवर गेला. ती लगेच परत आली.

"काका, जुनाच नीट करा."

मला नवी कुत्री मिळाली, नवी बेअरिंगं आणि दगडी कठड्यावर घासू नये म्हणून बाजूला प्लास्टिकचं गार्ड. तयार सायकल आईने हातात घेतली, पदर खोचला आणि चक्क स्वार होऊन गल्लीत निघाली.

"आई, हळू," पोरगी मागून धावली. "लागेल तुला."

हल्ली आमच्यावर दोघींचा हक्क आहे. काल आईने लेकीला हळूच विचारलं, "उडी मारताना पाय कुठे ठेवायचे गं?"

वाचकहो, ग्रीस बेताचं घाला आणि जमलं तर या बाईंना कुणीतरी हेल्मेट द्या.