निम्मा डोंगर

तळमजल्यावर शिट्टी वाजली तशी हेमाने सहाव्या मजल्यावरच्या आपल्या घराचं दार उघडलं आणि सरबताचा जग आणि ग्लास घेऊन ती जिन्यात येऊन उभी राहिली. शुक्रवारची सकाळ होती. बाहेर ऊन इतकं पांढरं झालं होतं की समोरच्या मशिदीकडे बघवत नव्हतं, आणि जिन्यात एसी नसल्यामुळे आतही काही कमी शिजत नव्हतं. खालून धापांचा आवाज वर वर येऊ लागला.

आधी राजन दिसला, तिचा नवरा. साठीला टेकलेला हा माणूस गळ्यात शिट्टी, पाठीवर तांदळाची पिशवी कोंबलेली सॅक आणि चेहऱ्यावर मोहिमेवर निघालेल्या सरदाराचा भाव घेऊन दोन दोन पायऱ्या चढत होता. त्याच्यामागून तिसऱ्या मजल्यावरचा मयुरेश आला. बँकेतला तरुण, जिममध्ये कमावलेले दंड, पण आता तोंड उघडं. शेवटी आला ताहिर. रत्नागिरीकडचा, राजनचा वीस-बावीस वर्षांचा दोस्त, इथे बहरीनमध्ये मुहर्रकला जहाजांना लागणाऱ्या सामानाचं दुकान चालवणारा. तो एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने कंबर धरून चढत होता.

ताहिरने ग्लास एका घोटात संपवला.

"वहिनी, जुम्म्याच्या नमाजेला जिवंत पोचलो तर तुमची मेहेरबानी."

वरून राजनचा आवाज आला की बोलण्यात दम घालवू नये. ताहिर बिचारा पुढे निघाला.

थोड्या वेळाने लिफ्टचं दार उघडलं. आत तिघंही भिंतीला टेकून उभे होते, घामाने निथळत. गच्चीला हात लावायचा, लिफ्टने खाली यायचं, की पुन्हा शिट्टी, असा राजनचा नियम होता. उतरण्यात वेळ दवडायचा नाही, चढण महत्त्वाची, हे तो इतक्या ठामपणे सांगे की कुणी विचारायचं धाडस केलं नव्हतं. पोरवयात त्याने सह्याद्रीतले किल्ले पालथे घातले होते. त्याच्यासमोर बाकीचे काय बोलणार!

बहरीनमध्ये सराव करायला दुसरी जागाही नव्हती. डोंगर म्हणून या बेटावर जो काही आहे, तो जबल दुखान. हिवाळ्यात राजन सगळ्यांना तिकडे घेऊन गेला होता. गाडी लावून चढायला सुरुवात करतात न करतात तोच माथा आला, आणि आता काय करायचं म्हणून सगळ्यांनी डबे उघडले. तेव्हापासून जिदहफ्सजवळची ही बारा मजल्यांची बिल्डिंगच त्यांचा डोंगर झाली होती.

मोहीम होती जॉर्जियाची. बहरीनचं रेसिडेंट कार्ड असलं की तिकडच्या व्हिसाची कटकट नाही, त्यामुळे ईदच्या सुट्टीत निम्मं आखात तिकडे लोटतं. राजनने मात्र बाजार आणि केबल कार असलं काही ठरवलं नव्हतं. कॉकेशसमधलं एक नदीचं खोरं त्याने शोधून काढलं होतं. नदीकाठच्या गावात मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटे निघून वरच्या कुरणापर्यंत चढायचं, तिथून बर्फाची शिखरं बघायची आणि संध्याकाळच्या आत खाली. या डिसेंबरात तो हिद्दच्या प्लँटमधल्या नोकरीतून रिटायर होणार होता, मग पुण्याला कायमचं परत जायचं होतं. त्याआधीचा हा त्याचा मोठा बेत होता.

या बेतात हेमाची जागाही त्याने ठरवून टाकली होती. ताहिरच्या बायकोचा, बिल्किसचा गुडघा दुखरा, म्हणून ती खाली गेस्ट हाउसमध्ये थांबणार आणि हेमा तिला सोबत करणार.

हेमाला याचं वाईट वाटलं होतं. नुसतं वाईट नाही, चांगलंच लागलं होतं. लग्न ठरलं तेव्हा हा माणूस पहिल्या भेटीत तासभर फक्त कड्यांबद्दल बोलला होता. तिला वाटलं होतं, आपलं लग्न डोंगरांशीच होतंय. आणि मग सगळा संसार झाला या तळहातासारख्या सपाट बेटावर. तिने डोंगर ऐकले खूप. दर गणपतीला, दर पार्टीला, तेच किल्ले, तेच मित्र, त्याच घसरगुंड्या. त्यातल्या एकाही गोष्टीत ती नव्हती. तिला एकदा, फक्त एकदा, त्याच्याबरोबर डोंगरावर चालायचं होतं.

त्या दुपारी जेवताना तिने ताटाकडे बघत सांगून टाकलं.

"मी पण वर येणार आहे."

राजनने भाताचा घास तसाच धरला. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढताना तुला धाप लागते, हे त्याने अगदी प्रेमाने सांगितलं. ते खरंही होतं. मागे एकदा ती त्यांच्या सरावात घुसली होती आणि चौथ्या मजल्यावर भाजीच्या पिशवीसारखी मटकन बसली होती.

"धाप लागेल. मग थांबेन. मग परत चढेन," हेमा म्हणाली.

"आणि बिल्किसभाभी?"

"तिला विचारलंय मी. ती म्हणाली, तू जा, मी काय लहान आहे?"

राजनने बराच वेळ भात कालवला. मग अट घातली. जिथे दम संपेल तिथे बसायचं आणि ते परत येईपर्यंत हलायचं नाही. हेमाने मान डोलवली. अट मोडायची असं तिने त्याच क्षणी ठरवलं होतं.

ईदची नमाज, पाहुणे, बिर्याणी सगळं ताहिरच्या घरी यथासांग आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी मंडळी विमानात बसली. आणि त्याच्या पुढच्या पहाटे हेमा त्या खोऱ्यात उभी होती.

तिला काही सुचेनाच. एवढं हिरवं एका जागी असतं हे तिचे डोळे विसरून गेले होते. नदी करड्या रंगाची, बर्फ वितळून आलेली, दगडांवर आदळत जोरात निघालेली. दोन्ही बाजूंना गवताचे उतार थेट आभाळाला जाऊन भिडलेले, आणि गार वारा. बहरीनहून निघताना जून महिन्यात स्वेटर घेतला म्हणून ती स्वतःलाच हसली होती, आता तोच गळ्यापर्यंत ओढून ती उभी होती. बिल्किसने गेस्ट हाउसच्या ओसरीवर खुर्ची मांडली, शाल पांघरली आणि सगळ्यांना यल्ला, निघा आता, म्हणून पिटाळलं.

चढण सुरू झाली आणि राजनच्या सरावाचं सोनं झालं. तिन्ही पुरुष बघता बघता वर गेले. ताहिर तर चक्क गुणगुणत होता. हेमाचे मात्र पहिल्याच वळणावर नाकी नऊ आले. छातीत भाता चालू झाला, कानात ठोके ऐकू येऊ लागले. ती थांबली, चढली, पुन्हा थांबली. वरून राजन उतरून तिच्यापाशी आला. आता हा बस म्हणणार, म्हणून तिने आधीच नकाराची मान हलवली. पण राजनने तिची सॅक काढून आपल्या पोटावर अडकवली आणि हातातल्या काठीचं एक टोक तिच्यापुढे धरलं.

"धर. घाई नको. मी थांबतो तेव्हा थांब."

ती काठीला धरून चढली. पुढे तो, मध्ये काठी, मागे ती. कुरणावर पोचली तेव्हा मयुरेशने टाळ्या वाजवल्या. समोर बर्फाची शिखरं उन्हात नुसती झळाळत होती, आणि हेमाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते वाऱ्यामुळे की कशामुळे हे तिलाही सांगता आलं नसतं. बिल्किसने दिलेली सांदणं त्यांनी तिथे बसून खाल्ली. राजन गप्प होता. तो इतका आनंदात असला की गप्प होतो, हे तिला नव्यानेच कळलं.

उतरायला लागले तेव्हा राजन नेहमीप्रमाणे सर्वांत पुढे होता. उतार तीव्र होता, गवताखाली सुटे दगड. हेमा शेवटी होती. ती आपल्या नादात, वरच्या शिखरांचा विचार करत, एक पाऊल आडवं टाकत चालली होती. कधीतरी ताहिर मागे पडला. मग मयुरेश मागे पडला. मग आपल्यापुढे कुणीच नाही हे तिच्या लक्षात आलं आणि तिने वळून बघितलं.

वर मोठं विलक्षण दृश्य होतं. ताहिर सरळ गवतावर बसला होता आणि बसल्या बसल्याच हातभर खाली सरकत होता. मयुरेश उताराकडे पाठ करून, चार पायांवर, रांगत्या मुलासारखा येत होता. आणि त्यांच्या जरा खाली एका खडकाला धरून राजन उभा होता. त्याच्या मांड्या लटलट कापत होत्या, पँटवरूनही दिसावं इतक्या.

ती पुन्हा धापा टाकत त्याच्यापर्यंत चढली.

"तू हो पुढे," राजन म्हणाला. "मी येतोच."

त्याचा चेहरा तिने असा कधी पाहिला नव्हता. हिद्दच्या प्लँटमध्ये शेकडो माणसांना कामाला लावणारा, किल्ल्यांच्या गोष्टी सांगणारा हा माणूस घाबरला होता, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून आणखी घाबरला होता. तिला हसू आलं नाही. तिला तो फार आपला वाटला.

ती वळून त्याच्या एक पाऊल खाली उभी राहिली.

"खांद्यावर हात ठेवा."

राजनने वर ताहिरकडे पाहिलं, मग मयुरेशकडे. चारचौघांत त्याने कधी तिचा हात धरला नव्हता. विमानतळावरसुद्धा तो सामानाची ट्रॉली घेऊन पुढे असायचा. मग त्याने हात ठेवला. आधी नुसता टेकवला, आणि पहिलं पाऊल टाकल्यावर चांगला घट्ट धरला.

"पाऊल आडवं टाका. गुडघा ताठ नको, सैल सोडा. दरीकडे नका बघू."

चार पावलं नीट पडली. आणखी चार पडली. मागून ताहिर आणि मयुरेश तिचं बघून तसंच आडवं उतरू लागले.

"हे तू कुठे शिकलीस?" राजनने विचारलं.

हेमाला आधी कळेचना की शिकायचं काय आहे यात. मग तिने जरा विचार केला.

"कचरा टाकताना," ती म्हणाली.

राजन थांबला. मग तिला सगळं सांगावंच लागलं. सकाळी शाळा-ऑफिसच्या वेळी लिफ्ट वरूनच गच्च भरून येते, सहाव्यावर कुणाला शिरायला जागा नसते. त्यामुळे ती दवाखान्यात कामाला जाताना रोज जिन्याने उतरते, एका हातात कचऱ्याची पिशवी, दुसऱ्या हातात डबा आणि पर्स. कठड्याला धरायला हात उरतोच कुठे? दुपारी परत येताना भाजीचं ओझं असतं आणि लिफ्ट रिकामी, मग वर लिफ्टने.

"इतकी वर्षं?"

"तेवढी झालीच की."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही तोवर हिद्दला पोचलेले असता. आणि त्यात सांगायचं काय?"

मागे ताहिरने हे ऐकलं. तो जागीच उभा राहिला आणि हसायला लागला, इतका की त्याला परत खाली बसावं लागलं.

"काय ओ राजनभाऊ! जिन्याने वर, लिफ्टने खाली. निम्माच डोंगर शिकवलात आमाला!"

मयुरेशही हसत सुटला. हेमाने हातातून थरथर जाणवली म्हणून मान वळवून पाहिलं, तर राजनच्या मांड्या नव्हेत, तो सगळाच हलत होता. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. निम्मा माझ्याकडे होता, निम्मा तुझ्याकडे, असं काहीतरी तो पुटपुटला, पण पुढचं हसण्यात बुडालं.

मग ते हळूहळू उतरत राहिले. नदीचा आवाज मोठा होत गेला. दगड संपले, उतार मंदावला, आणि पायांखाली मऊ, सपाट कुरण आलं. ताहिर आणि मयुरेश बूट काढून पाण्याकडे धावले आणि बर्फाच्या पाण्यात पाय घालून ओरडले.

समोर, शेताच्या बांधापलीकडे, गेस्ट हाउस दिसत होतं. ओसरीवरची बिल्किससुद्धा दिसत होती, शाल हलवत. सरळ वाट तिकडेच जात होती.

हेमाने ती वाट सोडली आणि ती नदीच्या कडेकडेने, लांबच्या वळणाला लागली.

वाट चुकलेल्याला हटकल्याशिवाय राजनला जन्मात राहवलं नव्हतं. आज मात्र खांद्यावरचा हात तसाच ठेवून तो तिच्यामागून निघाला.