घराखालचा खांब

कपाट पुढे ओढले तेव्हा त्याला दिसले, की काच तडकली आहे.

भिंतीच्या भेगेवर सिमेंटच्या दोन ठिपक्यांनी चिकटवलेली बोटभर काचपट्टी. भिंत जराशी हलली तरी मोडते. खाण बंद पडल्यापासून गावभर अशा पट्ट्या लावत आणि तपासत फिरणे हेच त्याचे काम होते. लोक त्याला काचवालाच म्हणत. पट्टी मोडलेली दिसली, की घर त्याच दिवशी रिकामे करायचे. ही पट्टी मात्र त्याने स्वतःच्याच घरात, आईला न सांगता लावली होती.

तो जागच्या जागी उभा राहिला. वजन या पायावरून त्या पायावर टाकायचाही धीर होईना.

बाहेरच्या खोलीत त्याची मुलगी भूगोलाच्या व्याख्या घोकत होती. आजी पुस्तक धरून तिची उजळणी घेत होती.

"अनवीकरणीय म्हणजे?"

"एकदा संपलं की परत तयार व्हायला लाखो वर्षं लागतात ते. कोळसा, तेल."

"आणि नवीकरणीय?"

"वारा, ऊन, वाहतं पाणी."

"आणि तुझ्या बापाची भूक." दोघी खिदळल्या. "बरं, शाश्वत विकास?"

"पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आपल्या गरजा भागवणे."

"यात काय पाठ करायचंय? तुझ्या आजोबांनी हेच तर केलं. गावाखालचा सगळा कोळसा काढला, पण आपल्या घराखालचा खांब ठेवला. मला म्हणाले, तू निर्धास्त झोप, या घराला काही व्हायचं नाही."

खाणीचे छत पेलायला कोळशाचे खांब ठेवायची पद्धत होती. पण शेवटच्या वर्षी ते खांबही, या घराखालचासुद्धा, काढून नेले, आणि ते काढणाऱ्या टोळीचे मुकादम त्याचे वडीलच होते. वडील गेल्यावर त्याला हे कळले. आईला सांगायचे धाडस त्याला आजवर झाले नव्हते. आता तर खाणीतले पाणी उपसणारे पंपही बंद होते, आणि खाली पाणी चढत होते.

भिंतीतून वाळू सांडल्यासारखा बारीक आवाज आला.

"आई," तो हाक मारायला गेला, पण आवाजच निघेना. लोकांच्या दारात उभा राहिला की नीट बोलायचा तो.

मागच्या दाराने तो बाहेर पडला, घराला वळसा घालून पुढे आला आणि कडी वाजवली.

"उघडंच आहे दार!" आई ओरडली. मग त्याला पाहून म्हणाली, "स्वतःच्या घराची कडी वाजवतोस? डोकं फिरलं की काय तुझं?"

"बाहेर या," तो म्हणाला, सगळ्यांना म्हणायचा तसेच. "घाई करा, पण पळू नका. सामान राहू द्या."

आईला त्याने जन्मात कधी अहो-जाहो केले नव्हते. तिचे हसू मावळले.

"काच?"

"मोडली."

"आपल्या घरात कधी लावलीस?"

त्याने मान खाली घातली. मुलगी पुस्तक छातीशी धरून त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली होती. त्याने तिचा दंड घट्ट पकडला.

"बाबा, दुखतंय."

"पण खांब आहे ना रे खाली?" आईने विचारले.

"आहे, आई. पण आजूबाजूचे गेलेत. एकटा किती पेलणार?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बुटांचे बंद सोडता सोडता सांगितलं होतं त्यांनी खांबाचं. माझ्याकडे बघितलं नव्हतं."

आई चपला घालून बाहेर आली. दार ओढून घेतले, कुलूप लावले. कुलूप लावल्यावर ते जोरजोरात ओढून बघायची तिची सवय. चोराचं काम तूच करून ठेवशील एक दिवस, म्हणून तो तिला चिडवायचा.

आज तिने ओढले नाही. किल्ली अलगद फिरवून काढून घेतली.